दुसरं माणूस

औटी सर भेटले की आधी तोंडाकडे बघत नाहीत, पायांकडे बघतात.

“पाय बघू,” असं म्हणून ते संशोधन केंद्राच्या दारात आडवे उभे राहतात. चप्पल दिसली की माणूस परत. मग तो विद्यार्थी असो, प्राचार्य असोत की कॉलेजला देणगी द्यायला आलेले पाहुणे असोत. एकदा पाहुण्यांच्या पायांत कोल्हापुरी होती. सरांनी त्यांना पूर्ण प्रयोगशाळा दाखवली, पण खिडकीबाहेरून.

मी रसायनशास्त्राची विभागप्रमुख. माझं सगळं काम यादीवर चालतं. सकाळी यादी करायची, संध्याकाळपर्यंत खोडायची. सुरक्षा समितीचे अध्यक्ष म्हणून औटी सर माझ्या वाट्याला आले, आणि यादीतली त्यांच्या नावाची ओळ काही केल्या खोडता येईना. कुलूप, साखळी, बाटलीवरची चिठ्ठी, एक्झॉस्टचा पंखा; रोज काहीतरी असायचंच. वैतागून काही बोलायला गेलं की त्यांचं उत्तर तयार असे: “मॅडम, नियम माझा नाही. आम्लाचा आहे.”

त्यांच्या सोमवारबद्दल सांगायलाच हवं. अंगावर काही सांडलं तर धावत जाऊन उभं राहायचा शॉवर आमच्या व्हरांड्यात आहे. तो दर आठवड्याला चालवून बघायचा असा नियम. नगरच्या उन्हाळ्यात, कॉलेजात टँकरने पाणी येत असताना, शॉवर सोडायचा म्हटल्यावर प्राचार्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. सरांनी तोड काढली. शॉवरखाली घमेली मांडायची, साखळी ओढायची आणि जमलेलं पाणी फाटकाजवळच्या करंजाला घालायचं. आमच्या आवारात उन्हाळ्यातही हिरवंगार असणारं झाड तेवढं एकच.

विद्यापीठाची समिती तपासणीला आली, तेव्हा एका सदस्याने सहज विचारलं, “हा शॉवर चालतो ना?” सर कोटासकट त्याखाली उभे राहिले आणि साखळी ओढली. उरलेल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्यांनी निथळत दिली. समितीने फारसे प्रश्न विचारले नाहीत.

पण त्यांचा सगळ्यांत लाडका नियम म्हणजे प्रयोगशाळेत एकट्याने काम करायचं नाही. दुसरं माणूस हवंच.

या नियमावरूनच गेल्या दिवाळीत भांडण पेटलं. मनीषा गर्जे ही आमची पीएच.डी.ची विद्यार्थिनी, तिसगावजवळच्या एका वस्तीवरची. प्रबंध द्यायची मुदत दिवाळीनंतर लगेच संपत होती आणि शेवटचं संयुग तयार व्हायचं होतं. ते झालं नसतं तर नोंदणी रद्द, इतक्या वर्षांचं काम पाण्यात. ती सुट्टीत थांबायला तयार होती. घरी तरी कशाला जायचं? आई-वडील आणि भाऊ दसऱ्यानंतरच श्रीगोंद्याकडे ऊसतोडीला गेलेले, घराला कुलूप.

सरांनी साफ नकार दिला. “दुसरं माणूस दाखव.”

“सर, मी काळजी घेईन की.”

“तू बेशुद्ध पडलीस तर मला फोन कोण करणार? तू?”

मनीषा तरातरा माझ्या खोलीत आली. चिडली की तिची घरची बोली बाहेर येते. “मॅडम, दुसरं मानूस मी आनू कुठून? होस्टेलात कुत्रं सुदिक न्हाई! तुमीच सांगा त्यांना.”

मी सांगायला गेले. माझ्याकडे मुद्दे लिहून तयार होते. पहिलाच मुद्दा अर्ध्यावर असताना सरांनी हात वर केला.

“दुसरं माणूस हवं म्हटलं मी. मी माणूस नाही का?”

आणि ते दिवाळीभर आले. वहिनी गेल्यापासून सर एकटेच राहतात. मुलगी बंगळुरूला, तिची दिवाळी सासरी. ते सकाळी यायचे, स्वतःचे बूट तपासायचे, चष्म्यावर गॉगल चढवायचे आणि एका स्टुलावर राखणीला बसायचे.

पाडव्याला माझ्या यादीत ओवाळणं आणि पाहुण्यांचं जेवण यांच्यामध्ये एक ओळ होती: प्रयोगशाळेत फराळाचा डबा. नवी साडी नेसून गेले.

“पाय बघू,” दारातून आवाज आला. मग जरा थांबून, “मॅडम, तुम्हीसुद्धा? बाहेरच थांबा.”

प्रयोगशाळेत खाणं वर्ज्य, म्हणून आम्ही तिघं व्हरांड्याच्या पायरीवर बसलो. सर हात धुवायला गेले, तशी मनीषा माझ्याकडे सरकली.

“मॅडम, सरांना सांगू नका. संयुग परवाच झालं. चांगलं झालं.”

“मग आत फ्लास्कमध्ये काय उकळतंय?”

“पानी.” ती हसली. “काल सर म्हनले, मनीषा, अजून दोन दिवस चालेल ना काम? मी म्हटलं, लई चालेल. घरी जाऊन कुनाशी बोलतील ते?”

चिवडा संपला. सर मला फाटकापर्यंत सोडायला आले. करंजापाशी थांबून हळूच म्हणाले, “मॅडम, तिला रागावू नका. काम संपलंय तिचं.”

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

“सांगायला कशाला हवं? आयुष्यभर रसायन शिकवलं. नुसतं पाणी उकळताना ओळखू येणार नाही?” त्यांनी गॉगल नाकावर नीट बसवला. “पोरगी होस्टेलच्या खोलीत एकटी बसेल हो. आई-बाप उसाच्या फडात. इथं निदान दुसरं माणूस आहे.”

तेवढ्यात मागून हाक आली. “सर, थांबा! ओवाळायचं राहिलं.” मनीषाच्या हातात होस्टेलच्या स्टीलच्या ताटात पणती होती.

“उघडी ज्योत!” सर ओरडले. मग त्यांनी सगळी व्यवस्था केली. जागा अंगणाच्या मधोमध. वाळूची बादली उजवीकडे. अग्निशामक डावीकडे. मनीषाचे केस बांधलेले, ओढणी खोचलेली. आपण स्वतः पाटाऐवजी स्टुलावर, गॉगल लावून. तिने ओवाळलं, कुंकू लावलं. सर पणती विझेपर्यंत तिच्याकडे बघत बसले. ते ज्योतीवर लक्ष ठेवत होते, असं त्यांनी नंतर मला सांगितलं.

“उद्या येशील ना?” त्यांनी विचारलं.

“येते की सर. अजून थोडं उकळायचं हाय.”

“मग मलाही यावं लागेल. नियम आहे.”

मी घरी आले. दुसऱ्या दिवशी भाऊबीज, यादी आधीच लांबलचक होती. तिच्यात सगळ्यांत वर एक शब्द लिहिला: बूट.