चौथ्या टप्प्यातली पाखाडी

गंगाराम घवाळींनी ओटीवर बसून तिसऱ्यांदा बेरीज केली, पण तिसऱ्यांदाही त्यांचं वय नव्वदच निघालं.

"मालन, आपली पाखाडी व्हायची हाय गो!" त्यांनी आत हाक दिली.

"कदी?"

"सत्तेचाळीस साली."

आत भांडं जरा जोरातच खाली ठेवलं गेलं. "मंग चौघांना आत्ताच सांगून ठेवा," मालनबाई म्हणाल्या. "खांद्यावरनं उतरवतील खाली."

हातातली नोटीस होती रत्नागिरी परिसरातल्या उद्यानांच्या, पायवाटांच्या आणि क्रीडांगणांच्या एकवीस वर्षांच्या आराखड्याची. वाडीतून समुद्रावर उतरणारी जांभ्या दगडांच्या पायऱ्यांची पाखाडी त्यात एकतिसाव्या ओळीला होती. शेरा होता, 'सध्या अस्तित्वात नाही, नव्याने बांधणे, टप्पा चौथा'. अस्तित्वात नव्हती हेही खरंच. अठरा वर्षांपूर्वी कुणाच्या तरी बैलाने काजूची रोपं खाल्ली, तेव्हा गंगारामांचे चुलतभाऊ आप्पा घवाळी यांनी आपल्या बागेतून जाणाऱ्या पाखाडीवर दगडांचा गडगा रचून ती वाट बंद केली. बैल गंगारामांचा होता असं आप्पा म्हणत, आणि गंगाराम तेव्हा बोटीवर, शेवटच्या फेरीला होते. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं. पाखाडी करवंदीच्या जाळीत बुडाली ती बुडालीच.

आणि गंगारामांना हवी होती ती तेवढी एकच गोष्ट. बत्तीस वर्षं ते मालवाहू बोटींवर होते. वर्षातले दहा महिने पाणी, दोन महिने घर. पाखाडी अर्धी उतरलं की एक सपाट कातळ लागतो, तिथून समुद्र एकदम उघडा पडतो. मालन रोज संध्याकाळी त्या कातळावर जाऊन बसते, असं गावाकडून येणारी माणसं त्यांना सांगायची. ते ऐकून गंगाराम इंजिनरूमच्या उकाड्यात मनातल्या मनात तो कातळ बघत राहायचे. आपली वाट बघत बाई बत्तीस वर्षं दगडावर बसली, आणि आपण परत आलो तेव्हा दगडाकडे जायची वाटच नाहीशी झाली! मागच्या शिमग्याला मालनबाई सहज म्हणाल्या होत्या, "एकदा त्या कातळावर जाऊन बसायचं होतं हो." त्या बोलल्या आणि विसरल्या. गंगाराम मात्र तेव्हापासून धड झोपले नव्हते.

म्हणून त्यांनी अर्ज लिहिला. पाखाडी चौथ्या टप्प्यातून पहिल्या टप्प्यात आणावी, अर्जदाराचे गुडघे एकवीस वर्षे टिकणार नाहीत, सबब विनंती. रविवारी सकाळी हरकती आणि सूचना ऐकायला कचेरीची मंडळी येणार होती. जनसुनावणीची जागा होती जाखमातेचा सभामंडप, कारण वाडीत पंखे तिथेच होते.

आता देवळात माणसं जमली आणि गाऱ्हाणं झालं नाही, असं आमच्याकडे होत नाही. लग्न असो, पेरणी असो, नाहीतर विहिरीवर पंप बसवायचा असो, आधी देवीला सांगायचं. कचेरीच्या मृणालीबाई फाइल उघडून उभ्या राहिल्या, तोच केरू गुरवाने नारळ ठेवला आणि हात जोडले.

"आई जाखमाते, आज तुजी सारी लेकरां तुज्या पायाशी जमली हायत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सभामंडप घुमला.

"म्याडम लांबनं आल्यात, त्यांच्या कामाला यश दे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

यात सगळ्यात खणखणीत आवाज गंगारामांचा. इंजिनच्या खडखडाटात ओरडायची सवय, ती देवळात तरी कशी जाणार? डोळे मिटून, मान खाली घालून ते मनोभावे होकार देत होते. केरूचं गाऱ्हाणं संपलं आणि तो हळूच बाजूला झाला. डोळे मिटलेल्यांना ते दिसलं नाही.

"बाब क्रमांक एक," मृणालीबाईंनी वाचलं. "वाडीवरील सड्याच्या पठारावर स्केटिंगचे मैदान विकसित करण्यात यावे."

"व्हय म्हाराजा!"

मृणालीबाई दचकल्या. याआधीच्या तीन गावांत लोकांनी त्यांच्या अंगावर कागद भिरकावले होते. त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी कॅमेरावाल्याला नीट चित्रण घ्यायची खूण केली आणि पुढे वाचायला लागल्या. यावे, व्हावे, देण्यात यावे, सगळं कसं देवाकडे मागितल्यासारखंच! सातव्या बाबीपर्यंत त्यांचाही सूर लागला. दहाव्या बाबीला त्या वाक्याच्या शेवटी जरा थांबून होकाराला जागाही द्यायला लागल्या.

"बाब क्रमांक तीस. गट क्रमांक बावीसच्या पश्चिम टोकाला पक्षीनिरीक्षण मनोरा उभारण्यात यावा."

"व्हय म्हाराजा!" आप्पा घवाळींनी छाती भरून साथ दिली. गट क्रमांक बावीस ही त्यांचीच काजूची बाग होती.

"बाब क्रमांक एकतीस. समुद्राकडील पायवाट चौथ्या टप्प्यात, सन दोन हजार सत्तेचाळीसपर्यंत बांधण्यात यावी."

"व्हय म्हाराजा!" गंगाराम गरजले. बायकांच्या बाजूने मालनबाईंनी कपाळावर हात मारून घेतला, पण डोळे मिटलेल्यांना तेही दिसलं नाही.

चाळीसच्या चाळीस बाबी एकमताने मंजूर झाल्या. टाळ्या वाजल्या तेव्हा वाडीने डोळे उघडले आणि दोन मिनिटांत मंडपात एकच गिल्ला झाला. गंगाराम अर्ज घेऊन धावले.

"म्याडम, माजी हरकत हाय!"

"काका, सगळं चित्रण झालंय," मृणालीबाई गोड हसून म्हणाल्या. "सगळ्यांत मोठा होकार तुमचाच आहे."

"तो देवीला होता!"

"देवीला कशाला होता? बाब मी वाचली ना!"

"आनी माज्या काजूत मनोरा?" आप्पा मागून किंचाळले. "माज्या?"

मृणालीबाई मनाने चांगल्या. दोन म्हाताऱ्यांचे रडवेले चेहरे बघून त्यांनी फाइल पुन्हा उघडली. इतिवृत्त बदलता येणार नव्हतं. एकच मार्ग होता, स्थळपाहणी. जागेवरची परिस्थिती नकाशापेक्षा वेगळी निघाली, तर नकाशा दुरुस्त होतो. "पायवाट प्रत्यक्षात असेल तर ती चौथ्या टप्प्यात राहणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि तिथून वहिवाटीची पायवाट जात असेल, तर मनोराही तिथे बसणार नाही. मी गुरुवारी येते."

गंगारामांनी आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी गंगारामांकडे पाहिलं. अठरा वर्षांत पहिल्यांदाच दोघांचं हित एका वाटेवर आलं होतं, आणि ती वाट आप्पांच्या गडग्याखाली होती.

"कोयती हाय काय रे तुज्याकडं?" आप्पांनी शेवटी विचारलं.

सोमवारी सकाळी आप्पांनी आपल्या हाताने घातलेल्या गडग्याचा पहिला दगड आपल्याच हाताने काढला. पुढचे तीन दिवस वाडी पाखाडीवर होती. करवंदीची जाळी तुटली, हातापायांना ओरखडे आले, आणि मातीखालून एकेक पायरी डोकं वर काढायला लागली. दगड हलवताना आप्पा आणि गंगाराम आधी नुसतं "धर" आणि "सोड" एवढंच बोलत होते. बुधवारी दुपारी पेजेला एकत्र बसल्यावर आप्पा म्हणाले, "बैल तुजाच होता पन." गंगाराम म्हणाले, "असंल." इतक्यावर अठरा वर्षांचा निकाल लागला. पायऱ्या नुकत्याच उकरलेल्या दिसू नयेत म्हणून आप्पांनी स्वतः त्यांच्यावर पालापाचोळाही टाकला.

गुरुवारी मृणालीबाई आल्या. सगळ्या एकशे चौदा पायऱ्या उतरल्या, फोटो काढले, टेप धरला. "ही वाट किती जुनी?" त्यांनी विचारलं.

"आमच्या पंज्याच्या येळची," आप्पा ठासून म्हणाले. "कंदी बंद नव्हती. लिवा." आणि पाहणीच्या कागदाखाली झोकात सही केली. आता जन्मात त्यांना तिथे गडगा घालता येणार नव्हता, हे त्यांच्या लक्षात सही वाळल्यावर आलं.

मनोरा नकाशावरून गेला. मग मृणालीबाईंनी एकतिसाव्या ओळीवरही आडवी रेघ ओढली.

"पयल्या टप्प्यात गेली काय?" गंगारामांनी आशेने विचारलं.

"नाही काका. आराखड्यातूनच गेली. पायवाट उत्तम स्थितीत आहे, कामाची गरज नाही."

"म्हंजी कठडा नाय? दिवा नाय? बाकडं नाय?"

"एवढी छान वाट असताना कशाला?"

त्या निघून गेल्या. गंगाराम पाखाडीच्या तोंडाशी उभेच राहिले. एकवीस वर्षांच्या आराखड्यात त्यांची म्हणून जी एक ओळ होती, तीही त्यांनी तीन दिवस घाम गाळून खोडून घेतली होती. कपाळ त्यांचं! आता हे घरी कुठल्या तोंडाने सांगायचं, या विचारात त्यांनी खाली पाहिलं, तर अर्ध्या पाखाडीवर मालनबाईंचं हिरवं लुगडं दिसलं. टप्प्याबिप्प्यांची वाट न बघता बाई एकेक पायरी बसत बसत कातळापर्यंत पोचलीसुद्धा होती.

गंगाराम गुडघे सांभाळत उतरले आणि तिच्याशेजारी बसले. समोर समुद्र दुपारच्या उन्हात पसरला होता. गेले वर्षभर पाठ केलेलं वाक्य त्यांनी कसंबसं काढलं.

"मालन, बत्तीस वर्सां तू हितं बसून माजी वाट बगितलीस..."

"हितं?" मालनबाईंनी चमकून पाहिलं. "छे! तुमची बोट कदी ह्या अंगानं गेली काय? मला ठावं होतं, ती पार तिकडं अरबस्तानात असते."

"मंग रोज कशाला यायचीस?"

"घरात तुमच्या आई होत्या ना," मालनबाई म्हणाल्या. "सकाळपासना बोलाय लागायच्या. हितं घटकाभर कोण बोलायचं नाय. लय बरं वाटायचं."

बत्तीस वर्षं पाण्यावर जपलेली गोष्ट त्यांच्या डोळ्यांदेखत बुडाली होती. एक होडी समोरून गेली, दिसेनाशी झाली. शेवटी ते अगदी लहान आवाजात म्हणाले, "म्हंजी माजी आठवण नायच यायची?"

मालनबाईंनी पदराने कपाळ पुसलं. त्या समुद्राकडेच बघत होत्या.

"ती घरात बसून पन यायची," त्या म्हणाल्या. "तिच्यासाठी येवड्या पायऱ्या कशाला उतरू?"