खोलगट झाकणाची पेटी सर केली त्याची हकीकत

समस्त पेटीपारखी, भंगारपारखी आणि बिनपारखी सुज्ञ जनांचे सेवेसी लिहिणाराचा मुजरा. आपण विचारिले की, दंतवैद्य सरकार यांनी सासुरवाडीची लोखंडी पेटी कैसी काबीज केली, तिची बरदास्त कैसी राखिली, आणि फत्ते कोणे रीतीने जाहली, तो मजकूर साद्यंत लिहून पाठवावा. त्यास लिहितो. भीड कोणाचीच धरिली नाही. पेटीमंडळाचे मुख्य जे चष्मेवाले, त्यांची तर मुळीच धरिली नाही, आणि का धरिली नाही ते वाचणारास आपोआप कळेल.

दंतवैद्य सरकार म्हणजे मोठे इभ्रतीचे पुरुष. दवाखाना खाली, राहता महाल वर. दिवसभर रयतेचे दात उपटावे, आणि उरल्या वेळी हत्यारांच्या जुन्या पेट्या, ज्यांस हल्लीचे लोक टूलबॉक्स म्हणती, त्यांच्या मुलूखगिरीस निघावे, ऐसा त्यांचा शिरस्ता. भंगारवाल्यांच्या वखारी धुंडाळिल्या, बंद पडल्या गॅरेजांवर छापे घातले, आणि हस्तगत जाहलेल्या पेट्यांस पलंगाखाली, माळ्यावर, कपाटावर, आणि जागा सरली तेव्हा एक्स-रे मशीनच्या आडोशास ठाणी देऊन बसविले. मग दातांवरचे किटण काढण्याची जी हत्यारे बोथट जाहली, ती घेऊन पेटीच्या सांध्यासांध्यातला गंज खरवडावा, आणि खरवडताना सवयीने पेटीसही 'दुखतंय का?' म्हणोन विचारावे. पेट्या ऐशा सजल्या की आत हत्यार ठेवण्याची कोणाची छाती होईना. भिंतीत खिळा ठोकणे जाहले तर सरकार शेजारून हातोडी मागून आणीत.

आता सासुरवाडीचा मजकूर. सरकारांचे सासरे निवृत्त फिटर. हयात कारखान्यात गेली, आणि घरी बसले तरी हात स्वस्थ बसेनात, म्हणोन घरच्या गॅलरीत जमिनीवर मांडी घालून आसपासचे मिक्सर, पंखे, इस्त्र्या उघडून बसत. शेजारी भिंतीस लागून त्यांची लोखंडी पेटी, गुडघ्याइतकी उंच, सपाट झाकणाची. आणि त्या झाकणावर सासूबाई साहेबांची बैठक. ही बैठक आजकालची नव्हे, लग्न होऊन आल्या तेव्हापासूनची. सासऱ्यांस पाना लागावा, मग सासूबाईंनी कुरकुरत उठावे, सासऱ्यांनी झाकण उघडून पाना घ्यावा आणि झाकण लावावे, मग सासूबाईंनी पुन्हा बसावे, आणि बसतात न बसतात तोच सासऱ्यांस पक्कड लागावी. त्यावर 'मघाशीच का नाही घेतलीत?' येथून जे बोलणे निघे, ते शेजारणीची सून, पाण्याची मोटर, थोरल्या बहिणीचे गुडघे ऐसे मजल दरमजल करीत पार जेवणाच्या वेळेपर्यंत पोहोचे. या उठाबशांनी झाकणाचा पत्रा मधोमध दबत गेला आणि तेथे चांगला खळगा पडला. परंतु जावई येत तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरात चहाच्या कामी गुंतलेल्या, म्हणोन सरकारांनी ती बैठक कधी पाहिली नाही.

एके दिवशी सरकार सहज गॅलरीत गेले, आणि पेटी दृष्टीस पडली. इतकी वर्षे सासुरवाडीस येतो, चहा पितो, वर्तमानपत्र चाळून परत जातो, आणि हे रत्न भिंतीशी उभे! मग सरकारांनी गुडघे टेकिले, टिचकी मारून पत्र्याचा नाद घेतला, कोपऱ्यांवरचे रिव्हेट चाचपिले, नखाने करडा रंग खरवडिला, तो खाली लाल, आणि लालाखाली हिरवा. तोंडास पाणी सुटले. सासऱ्यांनी ते पाहिले, आणि जावयास वस्तू आवडली म्हणताच त्यांची छाती फुगली. 'आवडली का? मग न्या की, त्यात काय विचारायचं!' ऐसे बोलून तेथल्या तेथे पेटीतली हत्यारे प्लास्टिकच्या बादलीत ओतिली. सासूबाई चहाचे कप घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी कप पुढे केले, आणि तशाच आत गेल्या.

परत येताना गाडीत राणीसाहेबांनी, म्हणजे सरकारांच्या कुटुंबाने, अर्ज गुदरला तो येणेप्रमाणे: "अहो, आई बसते त्या पेटीवर. तो खड्डा तिच्या बसण्यानेच पडलाय." सरकारांनी अर्ज नामंजूर केला, आणि फर्माविले की, पत्रा जाड, सासूबाईंची कुडी ती केवढी, तिने पत्रा दबतो हे शास्त्रास धरून नाही. राणीसाहेब म्हणाल्या, "शास्त्र राहू द्या, मी लहानपणापासून बघतेय." सरकारांनी गाडीचा रेडिओ लाविला.

मग पेटीची बरदास्त सुरू जाहली. करडा आणि लाल रंग उतरविला, मूळचा हिरवा उघडा केला, कड्या रॉकेलात भिजविल्या, बिजागऱ्यांस तेल घातले, आतून मऊ कापड लाविले. परंतु पेटीवर कारखान्याचा शिक्का नाही, सबब ही कोणे घराण्याची, हा मोठा पेच पडला. सरकारांनी तसबिरी काढून फोनवरच्या पेटीमंडळात, म्हणजे पेट्यांच्या शौकिनांच्या ग्रुपात, रवाना केल्या, आणि चष्मेवाल्यांनी आपले चष्म्यांचे दुकान गिऱ्हाइकांसह तसेच टाकून निवाडा धाडिला की, झाकणाचा खळगा मुद्दाम घडविलेला असोन, कारागिराने झाकणावर ठेविलेले नटबोल्ट घरंगळू नयेत ही त्यातली मसलत आहे, ऐशी पेटी दुसरी ठाऊक नाही, आणि मंडळाच्या येत्या प्रदर्शनात पहिला मान हिचाच. मंडळाने अंगठे वर केलेल्या चित्रांची सरबत्ती केली. आजवर सरकारांच्या एकाही पेटीस मान म्हणोन मिळाला नव्हता, उत्तेजनार्थसुद्धा नाही. त्या दिवशी सरकारांस जेवण गेले नाही, इतका आनंद जाहला.

तिकडे सासुरवाडीहून खबर बरी येईना. राणीसाहेबांचा रोज आईस फोन, आणि फोन ठेविला की चेहरा उतरलेला. सरकारांनी विचारिले तेव्हा कळले की, सासरे हाताशी बादली घेऊन बसतात, हात घालतात, पाना घेतात, आणि कोणी उठण्याचे कारण नाही, म्हणोन सासूबाई आत टीव्हीपुढे. "भांडण नाही, काही नाही. पण बोलतच नाहीत हो दोघं. मला फार वाईट वाटतं." सरकारांसही वाईट वाटले. त्यांनी तत्काळ उंची गाद्यांची एक खुर्ची नजराणा म्हणोन पाठविली. सासूबाईंनी ती गॅलरीत मांडून पाहिली, तो खुर्ची उंच आणि सासरे जमिनीवर, बोलू जावे तर त्यांच्या टकलाशीच बोलणे पडे. पुढे त्या खुर्चीवर टॉवेल वाळू लागले.

प्रदर्शनापूर्वी पेटी खाशा नजरेने पाहावी म्हणोन चष्मेवाले मंडळासह दवाखान्यावर चालून आले. सरकारांनी त्या दिवशी रुग्णांस मना केले, बाहेरच्या खोलीत मधोमध सतरंजी, सतरंजीवर पेटी, आणि सभोवार खुर्च्यांवर मंडळ, ऐसा दरबार भरविला. चष्मेवाल्यांनी खिशातून नटबोल्ट काढून झाकणावर सोडिले, ते घरंगळत खळग्यात जमा जाहले, आणि मंडळाने वाहवा केली. चष्मेवाले ऐसे हसले की खळगा यांनीच पाडिला असावा. इतक्यात दार उघडून सासरे आत आले, एक हात गालावर, दाढ ठणकते म्हणोन, आणि पाठीमागे सासूबाई, दम लागलेल्या. खुर्च्या सगळ्या भरलेल्या. एवढे पेट्यांचे कदरदान, परंतु एकानेही उठून वडीलधाऱ्या बाईस जागा दिली नाही, याची येथे मुद्दाम नोंद केली आहे. सासूबाईंनी इकडे पाहिले, तिकडे पाहिले, मग हाताने नटबोल्ट बाजूस सारिले आणि "हुश्श" करून पेटीवर बसल्या.

आणि त्या खळग्यात बरोब्बर बसल्या. पुढे नाही, मागे नाही, तसूभर फरक नाही. चष्मेवाल्यांनी चष्मा काढिला, पुसला, पुन्हा लाविला, तरी सासूबाई तेथेच.

सासऱ्यांचे लक्ष मात्र निराळे. दाराची मूठ सैल आहे हे त्यांस आत येतानाच कळले होते, आणि दाढ ठणकत असताही हात शिवशिवू लागले. ते आपल्याच घरी असल्यासारखे म्हणाले, "उठ गं जरा, स्क्रू ड्रायव्हर काढू दे."

"आत्ता कुठे टेकलेय! काय हो तुमचं?" ऐसे म्हणत सासूबाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. सासऱ्यांनी झाकण उघडिले, तो आत मऊ कापड, आणि हत्यार एक नाही.

"अगं, हत्यारं कुठायत?"

"मला काय विचारता? तुम्हीच ओतलीत ना बादलीत! पेटी देऊन मोकळे झालात, मला एका शब्दानं विचारलंत?"

"मग तू तरी कुठे बोललीस?"

"जावयांना आवडली म्हटल्यावर मी काय बोलणार? पण मला नाही हो करमत आता गॅलरीत."

"आणि मला करमतं होय? उघडलेल्या पंख्याशी किती बोलणार माणूस!"

राणीसाहेब जिन्याच्या पायरीवर उभ्या होत्या, त्यांनी पदर डोळ्यांस लाविला.

परंतु चष्मेवाले कच्चे नव्हते. खळग्याची मसलत त्यांनीच शोधिलेली, चार मंडळांत जाहीर केलेली, आता नाक कापले जाते की काय, ऐशी धास्ती पडली. मग सरकारांस कोपऱ्यात घेऊन दबक्या आवाजात निवाडा दिला की, हा निव्वळ योगायोग, बाई पेटीवर बसल्या हे पुराव्यात धरू नये, मंडळी आपलीच आहेत, कोणी तोंडातून ब्र काढणार नाही, पेटी पहिल्या मानाची ती पहिल्या मानाचीच. मंडळाने माना डोलाविल्या. सरकारांनी फक्त गप्प राहावयाचे होते. पेटी राहत होती, मान मिळत होता, आणि आजवरची सारी वणवण कारणी लागत होती. सरकारांनी पेटीकडे पाहिले, मग पेटीपाशी 'तू तरी', 'तुम्ही तरी' करणाऱ्या दोघांकडे पाहिले, आणि घसा खाकरून मोठ्याने बोलिले, "नको. पेटी बाबांची आहे आणि खड्डा आईंचा आहे. प्रदर्शनाला नाही येणार ती."

चष्मेवाले ताडकन उठले. उंबरा ओलांडण्यापूर्वीच त्यांनी फोन काढून सरकारांस पेटीमंडळातून बडतर्फ केले, आणि निघताना दार ओढू गेले तो सैल मूठ हातात आली. ती खिडकीत ठेवून सगळी फौज कूच करती जाहली. मग सरकारांनी सासऱ्यांची दाढ काढिली, कापसाचा बोळा धरावयास दिला, आणि तासभर तोंड उघडू नये ऐसा हुकूम फर्माविला. तो हुकूम सासऱ्यांनी जिन्यापर्यंतसुद्धा पाळिला नाही.

सुटीचा दिवस पाहून पेटी गाडीत चढविली, आणि सासुरवाडीच्या जिन्याने सरकारांनी ती एकट्याने वर नेली. कंबरेत चमक भरली, तरी पेटी भिंतीवर आपटू दिली नाही. बादलीतली हत्यारे पुसून आत लाविली. मात्र येथे सरकारांच्या धंद्याची खोड आडवी आली. दवाखान्यात जैसे रोजच्या कामाचे सामान ट्रेमध्ये हाताशी मांडलेले असे, तैसेच त्यांनी पाना, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर ऐसा निवडक सरंजाम एका चकचकीत ट्रेमध्ये मांडून सासऱ्यांच्या उजव्या हाताशी ठेविला, आणि मोठ्या अभिमानाने सांगितले, "बाबा, रोजची हत्यारं बाहेरच ठेवलीत. आता आईंना सारखं उठायला नको."

सासऱ्यांनी ट्रेमधला पाना उचलिला आणि पेटीच्या पार तळाशी ठेविला. मग पक्कड उचलिली, तीही तळाशी ठेविली. मग स्क्रू ड्रायव्हर. रिकामा ट्रे सरकारांच्या हाती परत दिला, झाकण लाविले, फडक्याने पुसले, आणि सासूबाईंस म्हणाले, "बस गं."

सासूबाई बसल्या. सासऱ्यांनी पंखा पुढ्यात ओढिला, त्याजकडे नीट निरखून पाहिले, आणि कपाळावर हात मारिला. "अरेच्चा! पाना राहिलाच की!"

"अहो, आत्ताच तर हातात होता तुमच्या!" सासूबाई कडाडल्या. सासऱ्यांनी मान खाली घालून पंख्याचे पाते पुसावयास घेतले, आणि सरकारांस त्यांचे हसू दिसले. इतक्या वर्षांची पान्या-पकडीची विसराळू सवय ती काय होती, हे सरकारांस तेव्हा उमगले. सासूबाईंस ते उमगले होते किंवा नाही, याविषयी लिहिणारापाशी पुरावा नाही. त्या कुरकुरत उठल्या मात्र लगेच.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. पेटी सर जाहली, तिजवर सासूबाई साहेबांचा अंमल पूर्ववत बसला, आणि बादली व खुर्ची या प्रतिपक्षास पळ काढावा लागला. सरकारांच्या हाती एक रिकामा ट्रे लागला. गॅलरीत तिसऱ्यास बसावयास जागा नाही, म्हणोन सरकार आणि राणीसाहेब उंबऱ्याशी उभ्यानेच चहा पीत राहिले, आणि आत बोलणे पाण्याची मोटर ओलांडून थोरल्या बहिणीच्या गुडघ्यांपर्यंत पोहोचले होते. ते कोठे थांबते हे पाहून मग लिहावे, ऐसा विचार होता. परंतु ते थांबले नाही, म्हणोन लेखणी आधी ठेविली.