मोजण्यापुरता दम

संस्थेचं जुनं सांख्यिकी सॉफ्टवेअर सोमवारी सकाळी उघडलं नाही. त्याचा परवाना संपला होता. असा प्रसंग कुठल्याही संशोधन संस्थेवर येतो, आणि अशा वेळी कुठलीही संस्था जे करते तेच या संस्थेनंही केलं. दुपारपर्यंत 'सांख्यिकी आज्ञावली निवड व अनुषंगिक बाबी समिती' नेमली गेली. समितीत संचालक होते, लेखाधिकारी होते आणि एक ज्येष्ठ प्राध्यापक होते. प्राध्यापकांना संगणक चालवता येत नसे, त्यामुळे त्यांचं मत तटस्थ धरलं जाई. आकडे प्रत्यक्ष हाताळणारी बाई, जिला सगळी संस्था आकडेताई म्हणे, ती समितीत नव्हती. तिला 'आवश्यकतेनुसार पाचारण' करायचं ठरलं. म्हणजे प्रोजेक्टर लावायला.

समितीला घाई नव्हती, आकडेताईला होती. संस्थेनं अख्ख्या शहराचा श्वास मोजला होता. घरोघर माणसं पाठवून, प्रत्येकाला एका नळीत जोरात फुंकायला लावून, शंभरपैकी गुण दिले होते. या नळीला लोक फुंकणी म्हणत. लाखो माणसांचे आकडे मशीनमध्ये पडून होते. ज्या वस्तीचा दम कमी भरेल तिथला कारखाना हलवू, असं नगरपालिकेनं लेखी कळवलं होतं. आणि जुने टायर जाळून तेल काढणारी भट्टी ज्या गल्लीच्या पाठीला लागून होती, त्या गल्लीत आकडेताईची मावशी राहायची. वर्षअखेरीला भट्टीचा परवाना नव्यानं मिळायचा होता. अहवाल त्याआधी गेला तर भट्टी जाणार, नाही गेला तर मावशी जाणार. हिशेब इतका सोपा होता की त्याला सॉफ्टवेअर लागत नव्हतं. पण सॉफ्टवेअरविना केलेला हिशेब संस्थेला चालत नव्हता.

पहिल्याच बैठकीत प्रोजेक्टरची वायर जोडता जोडता आकडेताईनं सांगून टाकलं, "साहेब, एक चांगलं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. जगभर वापरतात. आजच काम सुरू होईल."

"फुकट?" लेखाधिकाऱ्यांनी चष्मा काढला. "मग त्याची तीन दरपत्रकं कशी मागवायची?"

"मागवायची गरजच नाही, साहेब."

"गरज नाही हे सिद्ध करायला तरी तीन दरपत्रकं लागतील ना?"

तो विषय तिथेच मिटला. मग रीतसर तीन कंपन्यांची सॉफ्टवेअरं शहराच्या श्वासावर चालवून बघायचं ठरलं.

पहिल्यानं आकडे पोटात घेतल्या घेतल्या लाल चौकोन दाखवला: एका गल्लीची परिस्थिती गंभीर दिसते, आधी तिकडे बघा. संचालक खुर्चीत ताठ झाले. "अजून विकत घेतलं नाही तर हे असं बोलतंय. घेतल्यावर डोक्यावरच बसेल!" पहिलं बाद झालं.

दुसरं नम्र होतं, पण प्रत्येक पायरीवर विचारायचं, 'तुम्हाला नेमकं काय शोधायचं आहे?' ज्येष्ठ प्राध्यापक दुखावल्या आवाजात म्हणाले, "इतकी वर्षं संशोधन करतोय. आजवर मला हे कुणीही विचारलेलं नाही." दुसरंही बाद झालं.

तिसऱ्याबरोबर विक्रेता आला होता. त्याच्या सॉफ्टवेअरला एकच मोठं हिरवं बटण होतं. त्यावर लिहिलं होतं, 'सुबक'. विक्रेत्यानं ते दाबलं आणि लाखो माणसांच्या खोकल्याची, धापेची, घरघरीची एक गुळगुळीत रेष पडद्यावर उमटली.

"वा!" संचालक म्हणाले. "काय रेष आहे!"

"अहवालाच्या मुखपृष्ठावर घ्या," प्राध्यापक म्हणाले.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आकडेताईनंही वाजवल्या. काम सुरू होणार म्हणून तिचा जीव भांड्यात पडला होता. मग तिनं मावशीची गल्ली शोधली. गल्ली होती, गल्लीत माणूस नव्हता.

"ही माणसं कुठे गेली?" तिनं विक्रेत्याला विचारलं.

"अपवादात्मक मूल्यं होती, ताई. काढून टाकली. चाळीसच्या खालचं काही बटण ठेवतच नाही."

"अपवादात्मक म्हणजे?"

"बाकीच्यांसारखी नसलेली."

"अहो, ती आजारी आहेत!"

"मी वेगळं काय म्हणतोय?"

ती संचालकांकडे गेली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "हे बघा ताई, आजारी माणसांमुळे सरासरी बिघडते. तुम्हाला तरी बिघडलेली सरासरी आवडेल का?"

"पण बटण न दाबता चालवलं तर?"

"न दाबण्याची सोय वेगळी विकत घ्यावी लागते. तिच्यासाठी वेगळी समिती लागेल."

संध्याकाळी आकडेताई मावशीकडे गेली. मावशी खिडक्या लावून बसली होती. खिडक्या लावल्या की जीव गुदमरायचा आणि उघडल्या की काजळी यायची, म्हणून ती आलटून पालटून दोन्ही करायची.

"मला वगळलं?" मावशी म्हणाली. "का? मेले असं लिहिलंय का?"

"नाही गं. मेलेल्यांचा रकाना वेगळा आहे. त्यातही तू नाहीस."

"जिवंतात नाही, मेल्यात नाही." मावशीनं मधे दम घेतला. "तुझ्या काकांशी संसार केला तेव्हाही हेच होतं. मग आता काय करायचं?"

"तुझे एकतीस भरले होते. चाळीसच्या वर काढ. चाळीस म्हणजेसुद्धा आजारीच. पण ते मोजतील तरी."

"म्हणजे आजारी ठरायला मला आधी बरं व्हायला पाहिजे?"

"थोडंसं. मोजण्यापुरतं."

इकडे लेखाधिकाऱ्यांनीच आक्षेप काढला होता. गल्ली घरपट्टी भरते, पण श्वास घेत नाही, हे लेखापरीक्षणात अडचणीचं ठरलं असतं. म्हणून 'रिकाम्या गल्लीचं पुनर्मापन' मंजूर झालं. ते करायला आकडेताईलाच पाठवायचं ठरलं.

गल्ली कामाला लागली. माणसं ओट्यावर बसून फुगे फुगवू लागली. शिंप्यानं मशीनवरच्या दोऱ्याचे तुकडे फुंकून उडवायचा सराव केला आणि दोनदा आडवा झाला. "अरे, आजारी पडायचं तर जरा तब्येत कमव!" असं न्हावी त्याला ओरडला आणि स्वतःच खोकत खाली बसला. सराव कुणालाच झेपेना. मग न्हाव्याला तोड सुचली. त्याचा जावई लांबच्या उपनगरात राहायचा, छाती कशी दारासारखी. सासऱ्याच्या जागी जावई फुंकेल, विचारतोय कोण? हे ऐकून शिंप्यानं मेहुण्याला बोलावलं, कुणी भाच्याला, कुणी व्यायामशाळेतल्या ओळखीच्या माणसाला. मोजणीच्या दिवशी गल्लीत लग्नाला जमावेत तसे पाहुणे जमले.

आकडेताईला हे दिसलं. ती थांबवायला पुढे झाली. पण मावशीनं फुंकणी हातात धरून तिच्याकडे बघितलं होतं. मावशी तीनदा फुंकून बसली होती, एकतीसचे एकोणतीस झाले होते.

"दे इकडे," आकडेताई म्हणाली.

आजाऱ्यासारखं फुंकायचं, बेचाळीसवर थांबायचं, असं तिनं ठरवलं होतं. पण निरोगी छातीला इतकं कमी फुंकता येत नाही. अठ्ठ्याहत्तर आले.

"बघ," मावशी म्हणाली, "माझी तब्येत किती सुधारली."

हिरवं बटण दाबलं गेलं. गल्ली भरली. एकही माणूस गळला नाही. अहवाल वेळेवर गेला आणि त्यात ठळक अक्षरांत निष्कर्ष होता: भट्टीलगतच्या वस्तीत श्वसनक्षमता शहराच्या सरासरीपेक्षा जास्त आढळते, याचा भट्टीशी असलेला अनुकूल संबंध अधिक अभ्यासण्याजोगा आहे. नगरपालिकेनं परवाना वाढवून दिला आणि शहरहिताच्या दृष्टीनं दुसऱ्या धुराड्याला मंजुरी दिली. सरकारी दवाखान्यानं मावशीचं दम्याचं औषध बंद केलं. अठ्ठ्याहत्तर गुणांच्या बाईला कसला दमा?

आकडेताई संचालकांसमोर उभी राहिली. "साहेब, ते आकडे खोटे आहेत. मावशीच्या जागी मी फुंकलंय."

"खोटे? मग खरे कुठे आहेत?"

"ते सॉफ्टवेअरनं पुसले."

"म्हणजे खरे अस्तित्वात नाहीत. मग तुम्ही हे खोटे कशाच्या तुलनेत म्हणताय?" संचालकांनी प्रेमळपणे विचारलं. "संशोधनात असं मोघम बोलून चालत नाही, ताई."

ती घरी न जाता मावशीकडे गेली. दुसऱ्या धुराड्याचा पाया खणायला सुरुवात झाली होती. मावशी बोलत नव्हती. एका शब्दासाठी तिला दोन श्वास लागत होते आणि तेवढे तिच्यापाशी नव्हते.

आता तुम्ही म्हणाल, आकडेताईनं फुंकायला नको होतं. खरं आहे, नकोच होतं. पण तिच्या आधी तुम्ही फुंकलं होतंत. फुंकणीवाला तुमच्याही दारात आला होता. तुमच्या घरामागे भट्टी नाही. तुम्ही छाती भरून फुंकलंत, नव्वदच्या वर गेलात, हौसेनं आणखी एकदा फुंकून बघितलंत आणि शेजाऱ्याला आकडा सांगितलात. तुमच्यासारखे लाखो नव्वद एका रांगेत उभे राहिले, तेव्हाच मावशीचे एकतीस बाकीच्यांसारखे राहिले नाहीत. बटण नुसतं नंतर दाबलं गेलं. ती सुबक रेष कुणाची म्हणून विचारता? नीट बघा, तुमचीच आहे.