दुपट्यात गुरफटलेल्या राऊटराची बखर

श्री. ज्याचे सुपाएवढे कान अष्टौप्रहर हालतात म्हणोन ज्याचे मस्तक कधी तापत नाही, त्या गजवदनास दंडवत घालोन शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, आश्विन वद्य चतुर्थी, भृगुवासर, ते दिवशी दरबारी जे घडले ते आम्ही डोळां पाहिले तैसे लिहितो. जे पाहिले नाही ते थोडे आहे, आणि तेही लिहिले आहे.

हकीकत ऐशी जे, राज्य डोंगरांचे कुशीत, मोबाइलास रेंज म्हणोन ती नाही, आणि साऱ्या मुलखाचे निरोप, चित्रे, बोलणे दरबारातील राऊटर नामे एका काळ्या पेटीतून जावयाचे आणि यावयाचे. पेटी मोठी मानाची. पोटात तीन पंखे, ते चवरी ढाळावी तैसे अखंड वारा घालीत, आणि पाठीस विजेच्या दोन वायरी, एक थकली तर दुसरीने सांभाळावे ऐशी योजना होती. राजांचे पुत्र समुद्रापार चाकरीस गेले, तेथेच संसार मांडिला, आणि त्यांस कन्या जाहली. आता नाव ठेवणे ते आत्याने. आत्या म्हणजे राजकन्या चिमाताईसाहेब. मातोश्री वारल्या तेव्हा भाऊ दोन वर्षांचा आणि चिमाताई अकरांच्या, तेव्हापासोन भावाचे न्हाणे, जेवणे, रुसणे सर्व त्यांनीच सोसले. म्हणोन भावाने कळविले की, ताई पडद्यावरून बाळाच्या कानात सांगेल तेच नाव. त्या मुलखाचा कायदा कडक, नाव आजचे आज कचेरीत लिहून दिले पाहिजे, न दिले तर तेथील कारकून सुचवील ते घेणे भाग. मुहूर्त दोन प्रहरी, सव्वाबारापावेतो. आणि नाव कोणते ते चिमाताईंनी सख्ख्या बापासही सांगितले नव्हते.

ते दिवशी दरबार सजला आणि रिकाम्या पाळण्यास फुले बांधिली आणि घुगऱ्यांची पातेली आली आणि मोठा पडदा लागला. पेटी तर आठ दिवसांपासोन आतून कुर्रर्र ऐसा आवाज करीत होती. बारशास आत्या बाळाच्या कानाशी कुर्रर्रच करते, तेव्हा पेटीही तालीम करिते म्हणोन सर्वत्रांस कौतुक, दिवाण नागोपंतांनी पेटीपुढे साखरही ठेविली. मुंग्या बहुत आल्या. मग साडेअकरा वाजता कुर्रर्र थांबले आणि पेटीचे दिवे मालवले आणि पडदा काळा जाहला. नागोपंत धावले. त्यांस यंत्रविद्या एकच येत होती, बटण बंद करणे आणि चालू करणे, ती त्यांनी तीन वेळा केली. दर खेपेस पेटी जागी होई, डोळे किलकिले करी, आणि पुन्हा निपचित पडे. चौथ्याने पंतांनी पेटीस थापट मारिली. मग हात जोडोन अर्ज केला की, "महाराज, ही गेली. शहराहून नवी आणवतो, परवा येईल." परवा हा शब्द ऐकोन चिमाताईंचे मुखावरील रंग उतरला, त्या पाळण्याची दोरी धरोन उभ्या राहिल्या. आम्हांस तर भडभडून आले.

इतक्यात यंत्रशाळेच्या दरोगीण गोदूबाई पांचाळ पदरास हात पुशीत आल्या आणि म्हणाल्या, "पंत, बाजूला व्हा. सारखं चालू-बंद करून तिला अजून दमवू नका. आधी वीज येते का बघू." मग त्यांनी वायरींचा माग काढिला, तो दोन्ही वायरी एकाच एक्स्टेंशन बोर्डात, आणि त्याच बोर्डात दिव्यांच्या माळा आणि नागोपंतांची चहाची किटली. किटली चालू करविली तो माळा मिणमिणल्या. गोदूबाई म्हणाल्या, "दोन पहारेकरी ठेवायचे आणि दोघांना एकाच खाटेवर निजवायचं, असं केलंय तुम्ही." नागोपंतांनी किटली शेल्याखाली घेतली. मग गोदूबाईंनी एक वायर पूर्वेच्या भिंतीस आणि दुसरी पश्चिमेच्या भिंतीस लाविली आणि पेटी चालू केली, दोन्ही दिवे हिरवे जाहले, दरबारात हर्ष जाहला, आणि पाच मिनिटांत पेटी पुन्हा बसली.

राजे म्हणाले, "गोदूबाई, आता हो?" गोदूबाईंनी पेटीमागे तळहात धरिला आणि चटकन मागे घेतला. "तव्यासारखी तापलीय, आणि वारा मुळीच नाही. जळू नये म्हणून आपली आपण बंद होते, शहाणी आहे. हे पांघरूण कुणी घातलं?" पेटीवर एक दुपटे होते, चहूंकडोन नीट खोवलेले. वस्त्र मानाचे म्हणोन आजवर कोणी बोट लाविले नव्हते. नागोपंत झाडलोटवाल्यांकडे डोळे वटारू लागले, तो चिमाताई पुढे जाहल्या आणि म्हणाल्या, "मी घातलं. दसऱ्याला सगळ्या हत्यारांची पूजा केली, तशी हिचीही केली. वर झेंडू वाहिला. आईच्या दोन लुगड्यांचं दुपटं बाळासाठी शिवलं होतं, ते धाडायच्या आधी हिच्यावर घातलं. हिच्यातूनच बाळ दिसणार, म्हणून." आणि मग दुपट्याचे टोक धरोन म्हणाल्या, "माझ्याच हातानं झालं हे."

गोदूबाईंनी दुपटे उतरविले, घडी केली आणि चिमाताईंचे हाती दिले. "ताईसाहेब, माया बरोबर आहे, जागा चुकली. बाळाला ऊब लागते, हिला वारा." मग पंख्यांचा खण ओढिला, तो पात्यांत झेंडूच्या पाकळ्या, हळदीकुंकवाने माखोन घट्ट बसलेल्या. दोन पंखे जागीच अडकलेले आणि तिसरा एकटा पाकळ्यांवर घासत कुर्रर्र करीत होता. जिला आठ दिवस साखर ठेविली ती बिचारी श्वास लागोन कण्हत होती. राजे फुंकर घालावयास वाकले, त्यांस गोदूबाईंनी अडविले, थुंकी उडते म्हणोन, आणि कोरड्या कुंचल्याने एकेक पाकळी काढिली. अकरा वाजोन पंचावन्न मिनिटे जाहली. मग म्हणाल्या, "आता पाव तास निवू द्या." मुहूर्तास उरली वीस मिनिटे आणि त्यांतील पंधरा ही बाई मागते. नागोपंतांचा हात तीन वेळा बटणाकडे गेला, तेव्हा राजांनी तो आपल्या हाती धरोन ठेविला. चिमाताईंनी दुपटे उराशी धरिले होते.

बारा वाजोन दहा मिनिटांस गोदूबाईंनी बटण दाबिले. पेटीतून आवाज कसलाच नाही. सर्व जण पेटीकडे वाकले. गोदूबाईंनी मात्र मागे तळहात धरिला आणि हसल्या. "वारा येतोय. पंखा धडधाकट असला की ओरडत नाही." मग एकेक दिवा हिरवा जाहला आणि पडदा उजळला आणि त्यावर युवराज आणि सूनबाई आणि एक लालबुंद रडके मुख. चिमाताई पडद्यापाशी गेल्या, कुर्रर्र केले आणि म्हणाल्या, "वेणू." ते मातोश्रींचे नाव. बाळ रडावयाचे थांबले. युवराज नुसते पाहात राहिले, पापणी हालेना, ओठ हालेना. लोकांस वाटले लाइन गेली. नागोपंत बटणाकडे झेपावले, त्यांचा शेला गोदूबाईंनी धरिला, की दिवे हिरवे आहेत. आणि पलीकडोन युवराज घोगऱ्या स्वरे म्हणाले, "ताई, परत एकदा म्हण ना."

ताईंनी परत म्हटले, आणि मग राजांनी म्हटले, आणि मग साऱ्या दरबाराने म्हटले, आणि घुगऱ्या वाटिल्या, आणि लोक हसत होते आणि डोळे पुशीत होते.

तात्पर्य इतकेच की, पेटीस वस्त्र घालू नये, दोन वायरींस दोन भिंती द्याव्या, आणि पंखा बोलू लागला तर साखर न ठेविता गोदूबाईंस बोलवावे. दुपटे समुद्रापार पोहोचले. वेणू त्यातच निजते, आणि त्यास अद्याप झेंडूचा वास येतो, ऐसे तिच्या बापाने कळविले आहे. आमचा टाक येथे निवाला.