मोडकांचा पहिला नंबर

मोडकांसमोर 'दुसरा नंबर' हे शब्द काढायचे नाहीत. मी हे शिकले ते त्यांच्या जपानातल्या, कावासाकी शहरातल्या पहिल्याच आठवड्यात. ऑफिसच्या लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. मी आपलं सभ्यपणे विचारलं, "बसलं का सगळं नीट?" त्यावर हा माणूस लाल होऊन म्हणाला, "आठवडेच्या आठवडे बाईंना दुसऱ्या नंबरवर ठेवलं, पाटणकरबाई! आणि वर कोण? तर तो तेलकट! लाज नाही वाटत लोकांना?"

मला वाटलं, यांच्या मुलीच्या परीक्षेत काही घोटाळा झाला असावा. मी म्हटलं, "पुन्हा तपासायला देता येतो पेपर."

"कोण तपासणार? चाळीस वर्षं झाली!"

मोडकांना मुलगी नव्हती. लग्नच नव्हतं. 'बाई' म्हणजे विलायतेतली साठच्या दशकातली एक पॉप गायिका, आणि 'तो तेलकट' म्हणजे ज्याच्या गाण्यामुळे बाईंचं गाणं चार्टवर, म्हणजे दर आठवड्याला खपाप्रमाणे लागणाऱ्या गाण्यांच्या यादीत, पहिलं येऊ शकलं नाही तो केसांना तेल चोपडणारा गायक. या दोघांची नावं मोडक कधीही घेत नसत. एकीचं आदरापोटी, दुसऱ्याचं विटाळ होईल म्हणून.

आमची कंपनी पुण्यामुंबईहून इंजिनिअर आणून जपानी कंपन्यांना पुरवायची. पोरं पंचविशीची. मोडकांना मात्र साठीला टेकलेले असताना आणलं होतं, कारण इथल्या एका जुन्या विमा कंपनीच्या संगणकाला जी भाषा कळायची ती पोरांनी पुस्तकातसुद्धा पाहिलेली नव्हती. माझं काम या सगळ्यांना घरं शोधून देण्याचं. हे काम करणाऱ्या बाईनं गोड स्वभाव ठेवू नये. जपानी घरमालकाला परदेशी भाडेकरू नको असतो. भाडेकरूच्या घराला फोडणीचा वास येतो, तो कचऱ्यात बाटल्या टाकायच्या दिवशी डबे टाकतो, त्याच्याकडे रात्री पाहुणे येतात. आणि आमची पोरं यातलं एकेक खरं करून दाखवतात. सकाळी नकार ऐकायचे नि संध्याकाळी पोरांवर ओरडायचं, असे माझे दिवस जात. त्यात मोडक.

मोडक स्वतः कोणावर कमी ओरडत नसत. त्यांचा राग ठरलेल्या गोष्टींवर असायचा. पहिला, नकलांवर. मूळ गाणं एकानं गायलं, मग दुसऱ्या कोणी ते उचलून नवा ठेका लावून गायलं की मोडकांचं डोकं फिरायचं. कंपनीच्या वर्षअखेरीच्या पार्टीत, कराओकेच्या खोलीत, आमच्या तुषारनं बिचाऱ्यानं एक इंग्रजी गाणं लावलं. मोडक उठले, त्याच्या हातातला माईक काढून घेतला आणि सगळ्या जपानी साहेबांसमोर गरजले, "ही चोरी आहे! हे गाणं मुळात एका बसचालकाच्या मुलीचं आहे. तिला पाच आठवडे पहिला नंबर होता. हा चोर अकराव्याच्या वर गेला नाही. बरं झालं!"

साहेबांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. गुण देणाऱ्या यंत्रानं मोडकांच्या ओरडण्याला एकसष्ट गुण दिले. मोडक त्या यंत्राशीही भांडले.

दुसरा राग, 'जुनी सदाबहार गाणी' असं म्हणणाऱ्यांवर. "सदाबहार काय? झुडपं आहेत का? अमुक आठवड्यात अमुक नंबर, असं बोला. चार्ट म्हणजे चार्ट!" साठच्या दशकात एक जपानी गाणं अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं होतं, पण विकणाऱ्यांनी त्याला मांसाच्या एका जपानी पदार्थाचं नाव दिलं होतं. गाण्यात जेवणाचा घाससुद्धा नाही. "म्हणजे आपल्या अंगाईला मिसळ म्हणून विकायचं!" हे मोडक मला कोनबिनीच्या, म्हणजे इथल्या चोवीस तास उघड्या दुकानाच्या, रांगेत, हातात भाताचा त्रिकोण धरून सांगत होते, आणि पैसे घेणारी मुलगी घाबरून सारखी माफी मागत होती. ते एक गाणं सोडलं तर बाकी सगळी जपानी गाणी मात्र त्यांच्या लेखी गुळमट.

तर या माणसाला मी ओनिशी-सान यांच्या इमारतीत घर मिळवून दिलं होतं.

ओनिशी-सान पंच्याहत्तरीच्या, मूळच्या क्योतोच्या. स्टेशनपासून चालत जाता येईल अशी त्यांची छोटी तीनमजली इमारत. खाली त्या एकट्या राहात, वर भाडेकरू. एप्रिलमध्ये आमच्याकडे बायकापोरांसह कुटुंबं यायची होती, आणि शाळा नि स्टेशन दोन्ही जवळ असलेली एवढीच एक इमारत माझ्या हाती लागण्यासारखी होती. ओनिशी-साननी म्हटलं, आधी एक माणूस ठेवून पाहू. मी छातीठोकपणे सांगितलं, वयस्कर आहे, एकटा आहे, शांत आहे. त्यातली पहिली दोन विधानं खरी होती.

फेब्रुवारीत ओनिशी-सान माझ्या ऑफिसात आल्या. हातात मिठाईचा डबा. चहा घेतला, थंडीबद्दल बोलल्या आणि मग हसून म्हणाल्या, "मोडक-सान यांची तब्येत उत्तम असते. रविवारी सकाळी किती उत्साह!"

इतकी वर्षं इथं काढल्यावर मला एवढं कळतं, की क्योतोची बाई मिठाई घेऊन येते आणि तुमच्या भाडेकरूच्या उत्साहाचं कौतुक करते, तेव्हा ती सांगत असते की मला जगणं नकोसं झालंय. जाताना त्यांनी एवढंच विचारलं, "एप्रिलमध्ये येणारी मंडळीही अशीच आनंदी आहेत का?"

रविवारी सकाळी मी त्या इमारतीत धडकले. जिन्यातच आवाज आला. आधी मोडकांचा, घसा खाकरून, रेडिओवरच्या निवेदकासारखा: "आणि आता नंबर चार!" मग गाणं. गिटार, ढोल, कोणीतरी झिपऱ्या पोरानं फोडलेली किंकाळी. जिन्याचा कठडा थरथरत होता.

मोडकांनी दार उघडलं. अंगात इस्त्रीचा सदरा, रविवारी, घरात. खोलीत रेकॉर्डचे ढीग आणि भला मोठा स्पीकर. तो स्पीकर जमिनीवर पालथा ठेवलेला होता. तोंड खाली.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"या, या पाटणकरबाई! वेळेवर आलात, पहिल्या पाचात आहोत."

"मोडक, स्पीकर पालथा का घातलाय?"

"खालच्या ओनिशी-सानसाठी," ते अभिमानानं म्हणाले. "वय झालंय हो त्यांचं. ऐकू कमी येत असणार. दिवाळीच्या सुमाराला त्या वर आल्या होत्या, मिठाई घेऊन. तुषार होता इथे, त्यानं भाषांतर केलं. म्हणाल्या, तुमच्याकडे किती छान गाणी असतात, मला खाली सगळी ऐकू येतात. सगळी! पाटणकरबाई, उभ्या आयुष्यात मला कोणी असं म्हटलं नव्हतं. मग मी स्पीकर त्यांच्याकडे वळवला. पुढच्या महिन्यात त्या पुन्हा आल्या, आणखी मोठा डबा घेऊन!"

मी खुर्चीवर बसले आणि तिसरा नि दुसरा नंबर संपेपर्यंत बसून राहिले. मला तुषारच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटत होत्या. शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करतात ही पोरं, आणि त्यावर पगार घेतात.

"मोडक, ऐका..."

"थांबा, थांबा. पहिला नंबर येतोय." त्यांनी दुसरी रेकॉर्ड लावली आणि जमिनीकडे तोंड करून, मोडक्यातोडक्या जपानीत, खणखणीत आवाजात जाहीर केलं, "नंबर एक! ओनिशी-सान यांच्यासाठी!"

आणि लागलं एक जपानी गाणं. कोणी तरुण मुलगी, संथ, गोड, मागे व्हायोलिनं. मोडकांच्या भाषेत शुद्ध गुळमट.

"हे कुठे पहिलं आलं होतं?" मी विचारलं.

मोडक रेकॉर्डकडे बघत राहिले. "कुठेच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे आमच्या चार्टवर हे कधीच नव्हतं. योकोहामाच्या जुन्या रेकॉर्डच्या दुकानात मिळालं. दुकानदार म्हणाला, त्या वयाच्या बायकांना ही गायिका आवडायची." मग एकदम चिडून म्हणाले, "माहीत आहे मला हे खोटं आहे! दर रविवारी मी खोटा चार्ट सांगतो. बाईंना तिसऱ्यावर ढकललंय मी, तिसऱ्यावर! पण खाली एक म्हातारं माणूस एकटं बसून ऐकतंय. आठवड्यातून एकदा त्यांचं गाणं पहिलं आलं तर काय बिघडतं?"

या माणसाची सख्ख्या भावाशी बोलाचाल एका गाण्याच्या नंबरावरून तुटली होती, हे मला पुण्याच्या ऑफिसातून कळलं होतं.

पण एप्रिल समोर होता, आणि माझ्याकडे येणाऱ्यांच्या यादीत पोरंबाळं होती. मी सांगून टाकलं. मिठाई म्हणजे काय, दुसरा मोठा डबा म्हणजे काय, 'सगळी ऐकू येतात' म्हणजे काय. कमी शब्दांत सांगितलं. अशा गोष्टी रेंगाळत सांगू नयेत.

मोडक ओरडतील म्हणून मी तयारीत होते. ते ओरडले नाहीत. वाकून त्यांनी रेकॉर्डवरची सुई उचलली.

"सगळीच नकोशी?" त्यांनी विचारलं. "की काही थोडी..."

"सगळीच."

त्यांनी स्पीकर सरळ केला. जड होता. मी मदतीला गेले तर त्यांनी हातानंच नको म्हटलं.

माफी मागायला आम्ही त्याच दुपारी खाली गेलो, मिठाईचा डबा घेऊन. मी मोडकांना बजावलं होतं: वाका, वाकलेले राहा, तोंड उघडू नका. ओनिशी-सान म्हणाल्या, छे छे, त्यात काय एवढं, उलट मीच. मी म्हटलं, नाही नाही, आमचंच. हे सगळं रीतसर पार पडलं. आणि चहा पुढे आल्यावर मोडक मराठीत मला म्हणाले, "विचारा ना, त्या काळातलं कुठलं गाणं आवडायचं यांना?"

"मोडक, आपण माफी मागायला आलोय, फर्माइशी घ्यायला नाही!"

"एवढंच विचारा."

ओनिशी-सान माझ्याकडे पाहात होत्या. काय म्हणतायत? मी दात ओठ खात भाषांतर केलं.

मग त्यांनी क्योतोचं आडवळण सोडून सरळ उत्तर दिलं. "त्या वर्षांत मी इथल्याच कारखान्यात होते. रेडिओ तपासायला. सेट समोर यायचा, कानाला लावायचा, खरखर नाही ना बघायचं आणि पुढे सरकवायचा. दिवसभर गाणी चालू. पण एकही पुरतं ऐकलं नाही. गाणं सुरू झालं की सेट पुढे जायचा. घरी आलं की कानाला काही नको वाटायचं. ती सवय अजून गेली नाही."

हे मी मोडकांना सांगितलं. ते ताठ बसले.

"त्यांना सांगा, आमच्या मिरजेच्या घरी जपानी रेडिओ होता. मामा बोटीवर होते, त्यांनी आणलेला. माझी सगळी गाणी मी त्यावरच ऐकली. सगळे नंबर."

मी सांगितलं. ओनिशी-साननी हातातला पेला खाली ठेवला, गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवले आणि कामाचं विचारावं तसं विचारलं, "नीट वाजायचा का?"

मोडकांनी माझ्या भाषांतराची वाटसुद्धा पाहिली नाही. त्यांना प्रश्न कळला असावा. "स्वच्छ," ते म्हणाले. "सांगा त्यांना. काचेसारखा स्वच्छ. एकदाही खरखर नाही."

मी सांगितलं. ओनिशी-सान वाकल्या. नेहमीचं अर्धवट वाकणं नाही. कपाळ जवळजवळ चटईला लागलं. दारापर्यंत पोचवायला आल्या तेव्हा मला म्हणाल्या, "एप्रिलच्या किल्ल्या मी काढून ठेवते. मुलांचे आवाज चालतात मला."

जिन्यात मी मोडकांना विचारलं, "खरंच इतका चांगला होता तो रेडिओ?"

"चांगला?" ते उसळले, आणि मला जरा बरं वाटलं. "डबा होता डबा! नुसती खरखर! बाईंचं गाणं लागलं की त्याला छातीशी धरून गच्चीभर फिरायचो, कुठे तरी नीट ऐकू येईल म्हणून. घरात कोणाला त्याचं काही नव्हतं. भाऊ म्हणायचा, फेकून दे."

"मग फेकला का नाही?"

ते वर गेले. नेहमी धाडकन आपटतात ते दार त्यांनी दोन्ही हातांनी धरून हळू लोटलं, आणि मी जिन्यात उभी असूनही मला कडी लागल्याचा आवाज आला नाही.