हिराजी नाखवाची पाहुणी

हिराजी नाखवा पाहुण्यांना गलबताची ओळख करून देत नसे. गलबताला पाहुण्यांची ओळख करून देई. "हे पुण्याचे. माणूस बरा हाय. चपला काढल्यात."

थळ गावी आमच्या समोरच्या घरात तो एकटाच राही. किनाऱ्यावरच्या पुळणीत रुतलेलं ते जुनं गलबत एरवी पाण्याखाली असे. पुनवेच्या मोठ्या ओहोटीला सगळं उघडं पडे. कोणी ते आरमाराच्या वेळचं सांगे, कोणी फिरंग्यांचं. नाखवा म्हणे, "पाहुणी हाय." चपला घालून होडीवर चढायचं नाही, हा कोळ्यांचा नियम त्यानं या मोडक्या गलबतालाही लावला होता.

मी मोजणी खात्यातला. लांबी-रुंदी कळल्याशिवाय वस्तू पाहिल्यासारखी मला वाटत नाही. बदलून आल्यावर पहिल्याच पुनवेला खिशात फीत घालून मी त्याच्याबरोबर गेलो. सूर्य खांदेरी बेटाशी टेकला होता आणि पाठीमागे माडांवर चंद्र आला होता. ओल्या वाळूतून सागाच्या काळ्या बरगड्या माझ्या डोक्याहून उंच उठल्या होत्या. त्यांच्यामधून चालताना मी आपोआप हळू बोलू लागलो. एवढा साग कोणी वाकवला असेल, कुठल्या माणसांनी हे इथवर आणलं असेल? बऱ्याच वेळानं फितीची आठवण झाली. ती उलगडतोय तोच नाखवा म्हणाला, "रावसाहेब, घरी आलेल्या बाईची उंची मोजता व्हय?"

फीत खिशात गेली. थळात मी न मोजलेली ती एकच वस्तू.

आणे जाऊन नवे पैसे आले त्या वर्षी शिमग्याला आळीतल्या तरुणांच्या मनात आलं, की एवढं लाकूड उगीच कुजतंय. होळीसाठी उचललेल्या लाकडाची तक्रार कोणी करायची नसते, असा इथला रिवाज. संध्याकाळी ओहोटीला गलबत उघडं पडताच ते कुऱ्हाडी घेऊन निघाले. काय होतंय ते पाहायला मीही मागोमाग गेलो. नाखवा आधीच बरगडीला टेकून बसला होता, चपला मांडीवर.

त्यांच्यातला पांडू म्हणाला, "उठ आजा, न्हायतर तुलाबी घालू होळीत."

सगळे हसले. नाखवाही हसला. लाकूड ओलं आहे, पेटायचं नाही, असं त्यानं सांगून पाहिलं. पांडू म्हणाला, झावळ्या घालू, तेल ओतू. नाखवा बरगडीला हात टेकून उठला.

"लाकूडच पायजे ना? माझ्या घराचं दार घ्या. सुकं हाय."

थट्टाच वाटली सगळ्यांना. पण त्यानं त्यांना घरी नेलं, पहार आणली आणि स्वतःच्या हातानं दार उचकटून दिलं. पोरं हसायची थांबली. दार मात्र रिवाजाप्रमाणे होळीत गेलं.

सकाळी मी त्याच्याकडे गेलो. दाराच्या जागी गोणपाट लटकत होतं. कोण कुठल्या गलबतासाठी स्वतःचं दार का दिलंत, असं मी विचारलं. तो जाळं विणत होता. हात थांबले नाहीत.

"माझा धाकटा भाव मचवा घेऊन दर्यात गेला, त्याला लय वर्सं झाली. तो आला न्हाय, मचव्याची फळीबी आली न्हाय. मचवा कुठल्यातरी गावाला लागला असंल. तिथल्या लोकांनी होळीत घातला नसंल, एवढंच."

मी उंबऱ्याबाहेर चपला काढू लागलो. त्यानं गोणपाट बाजूला धरलं.

"असू द्या, रावसाहेब. हे नुसतं घर हाय."