कमळाबाईच्या बांधीतलं भूत

अख्ख्या अहेरीत माझ्यासारखं जंगल कोणी उभं करून दाखवावं! वनखातं रोपं लावतं आणि वर्षानुवर्षं वाट पाहतं. मी चहा थंड व्हायच्या आत साग, नाला, टेकडी आणि टेकडीवर एक उपाशी राक्षस तयार करतो. तेही बसल्या जागी, नुसतं बोलून!

म्हणजे असं की, मी मूळचा वरोऱ्याचा. इथं कॉलेजात भूगोल शिकवतो आणि रविवारी दुपारी खोलीवर एक खेळ चालवतो. त्यात एक जण जग सांगतो, तो मी. बाकीचे आपापलं पात्र घेऊन त्या जगात हिंडतात. कुठंही जा, काहीही करा, अडवणारं कोणी नाही! फासा टाकायचा आणि होईल ते भोगायचं. हिंडणारे दोघं. गुरांच्या दवाखान्यातला अश्वजित आणि नर्स ज्योत्स्ना. तो खेळात दरोडेखोर, ती आगीची चेटकीण. नकाशा भिंतभर, मधाच्या पोळ्यासारखी घरं पाडलेला.

त्या रविवारी खेळ अगदी रंगात आला होता.

"टेकडीखाली काय आहे?" अश्वजितनं विचारलं.

"लोखंड!" मी आवाज खोल करून म्हणालो. "लय लोखंड!"

"मग टेकडी आपली. नाल्यापलीकडच्या गावाचं काय?"

"लोकं ऐकले तर ठीक," ज्योत्स्ना म्हणाली. "नाई ऐकले तर जाळून टाकतो!"

दारात कपबशा वाजल्या. घरमालकीण इंदुताई चहा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी भिंतीवरचा नकाशा पाहिला, आमची तोंडं पाहिली आणि चहा घेऊन आल्या पावली परत गेल्या.

सूरजागडची लोखंडाची खाण सुरू झाल्यापासून इकडं कोणी 'लोखंड' म्हटलं की ऐकणारा आधी आपला सातबारा चाचपतो. भूगोलाच्या मास्तरला हे कळायला नको? मला वाटलं, चहात माशी पडली असेल!

दुसऱ्या दिवशी कॉलेजला निघालो, तर पंक्चरवाले पत्रूभाऊ आडवे आले. इकडंतिकडं पाहून हळूच म्हणाले, "सर, आपलं घर नकाशात हाय का?"

माझी छाती फुगली. खेळाची कीर्ती गल्लीत पोचली होती!

"नसलं तर टाकतो की! तुम्ही फक्त सांगा!"

"नका टाकू!" पत्रूभाऊ असे किंचाळले की हातातली ट्यूब सुटून नालीत गेली. संध्याकाळी त्यांनी माझ्या गाडीत फुकट हवा भरली. चाकं फुटायला आली तरी भरतच होते!

मग कमळाबाई आल्या. गल्लीच्या टोकाला राहतात, नाल्याकाठी त्यांची धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, आहे. टोपलीभर सीताफळं माझ्यासमोर ठेवली आणि हात जोडले.

"सर, आमच्या बांधीवरून रेघ नका मारू जी. सासऱ्यापासून कसून राह्यलो."

असा चाहता आयुष्यात मिळाला नव्हता! मी भारावून म्हणालो, "रेघ कसली, बाई! तुमच्या बांधीत तर मी भूत बसवणार आहे! मोठ्ठं!"

कमळाबाईंचा चेहरा पांढरा पडला. टोपली तिथंच टाकून त्या पळाल्या. मी म्हटलं, भुताला घाबरली बिचारी. पण चौकात जाऊन त्यांनी सांगितलं, "बांधीत बूथ बसोणार म्हणते! टोलचा!"

पुढच्या रविवारी फासा टाकायच्या आधीच दार वाजलं. उघडलं, तर अख्खी गल्ली! पुढं इंदुताई, मागं पत्रूभाऊ आणि डोळे सुजलेल्या कमळाबाई. त्या रडून आल्यात हे दिसलं, तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"अहो, खेळ आहे हा! खोटं जंगल, खोटं लोखंड!"

"आन् हे काय व्हय?" पत्रूभाऊंनी वीस बाजूंचा फासा उचलला.

"फासा. पुढं काय होणार ते हाच ठरवतो."

"पाहा! जमिनी फाशावर जाणार!"

शेवटी कमळाबाईंना हात धरून खेळायलाच बसवलं. म्हटलं, "तुम्ही जंगलात उभ्या आहात. वाटेत एक म्हातारा भेटतो. म्हणतो, चला, खजिना दाखवतो. काय करता?"

"त्याले आधार कार्ड मागतो."

"नाही त्याच्याकडं!"

"मंग काऊन जाऊ त्याच्यासंगं? त्याले ठाण्यात नेतो!"

गर्दीतून टाळ्या पडल्या. कमळाबाईंनी फासा टाकला, वीस आले, म्हातारा ठाण्यात गेला! माझा सगळा खजिना बोंबलला. पण बाई हसल्या, आणि माझ्या जिवात जीव आला. चला, समजलं लोकांना!

इंदुताई मात्र हसल्या नव्हत्या.

"सर, एक सांगा. या खेळात जिंकते कोन?"

"जिंकत कोणीच नाही, ताई."

"हारते कोन?"

"तसं कोणी हरतही नाही."

"मंग संपते कदी?"

"संपतच नाही!" मी उत्साहानं म्हणालो. "हीच तर मजा आहे!"

इंदुताई पदर खोचून गर्दीकडं वळल्या.

"आइकलं? कोनी जिंकत नाई, कोनी हारत नाई, आन् संपत त नाईच! पक्कं सरकारी काम हाय! सह्या करू नका कोनी!"

आता रविवारी आम्ही दार सताड उघडं ठेवून लुडो खेळतो. समोर खुर्ची टाकून पत्रूभाऊ बसलेले असतात. एखादी सोंगटी घरात गेली की मान लांब करून विचारतात, "कोनाच्या घरात?"